एक लाख अकरा हजार चोवीस

शुक्रवार, १ मार्च

साहेबांनी आज मला मुकादम केलं. या शाईच्या कारखान्यात बावीस वर्षं झाली, त्यातली सतरा बाटल्यांना झाकण बसवणाऱ्या यंत्रावर. आता त्या यंत्राच्या दोन्ही पाळ्यांची जबाबदारी माझी. सकाळची पाळी मी चालवायची, दुपारी दोनपासून धाकट्याने. धाकटा म्हणजे हिचा पाठचा भाऊ. त्याला इथे मीच चिकटवला. मुकादमकी आपल्याला मिळेल असं त्याला वाटत होतं, हे मला ठाऊक आहे. यंत्रात त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हेही ठाऊक आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय!

जबाबदारी आली की रोजचं लिहून ठेवावं, असं गावच्या शाळेतले आमचे मास्तर सांगत. म्हणून ही वही.

"भावजी, आता तुमच्या हाताला शाई लागायची नाही," धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

शनिवार, २ मार्च

मुकादम म्हणून पहिलं काम, आणि देवाच्या कृपेने नीट पार पडलं. साखळीच्या तीन शेजारशेजारच्या कड्या झिजल्या होत्या, त्यातली एक जुनी जोडकडीच होती. सकाळची पाळी थांबवून मी एकट्याने काम केलं. तीन कड्या काढल्या, मोजून तीन नव्या घातल्या आणि वर जोडकडी लावून साखळी बंद केली. किंचित ढिली वाटली. ताणचाक दोन आटे आवळलं, बसली.

धाकटा दोनला आला. साखळीकडे बराच वेळ बघत उभा राहिला, बोलला काही नाही. चांगलं झालं म्हणायला काय जातं?

मंगळवार, ५ मार्च

दुपारच्या पाळीत चारच्या सुमारास यंत्रात एक बाटली फुटली. यंत्र आपोआप थांबलं, शाई भिंतीपर्यंत उडाली. बाटली कधीतरी फुटतेच. नियमाप्रमाणे धाकट्याने खोळंब्याच्या वहीत गणकावरचा आकडा लिहिला: ४०,२७,३१८. दाबलेलं प्रत्येक झाकण तो गणक मोजतो. यंत्र हाताने फिरवलं तरी मोजतो, उलटं फिरवलं तर तेवढाच मागे येतो.

मंगळवार, १२ मार्च

पुन्हा मंगळवार, पुन्हा चारची वेळ, पुन्हा धाकट्याची पाळी. आकडा ४१,३८,३४२.

सतरा वर्षांत वर्षाला एखादी बाटली फुटायची. मी मुकादम झाल्यावर बारा दिवसांत दोन. मनात पाल चुकचुकली. तिला गप्प केलं. हिचा भाऊ आहे.

गुरुवार, १४ मार्च

बाटल्या तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या बाई जुन्या आहेत, आठ ते पाच असतात म्हणून दोन्ही पाळ्या बघतात, कोणाच्या अध्यातमध्यात नसतात. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, दुपारच्या पाळीत कसं चाललंय?

"बरं चाललंय की. तुमचे मेहुणे रोज पाना घेऊन साखळीखाली घुसतात. गुडघ्यावर बसून काहीतरी पिळतात, मग बाहेर येऊन हात पुसतात."

"रोज?"

"रोज. मंगळवारी तर दोनदा."

त्याने मला हे कधी सांगितलं नाही. मी मुकादम आहे. ताणचाकाला, कशालाही हात लावायचा तर मला सांगायला हवं.

देवापुढे बसलो. ओठ नाव घेत होते आणि मन साखळीखाली वाकून बघत होतं.

मंगळवार, १९ मार्च

आज बाईंना लागलं.

आकडा ४२,४९,३६६. वेळ चारला पाच कमी. काच उडून त्यांच्या भुवईत घुसली. दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अजून बोटभर खाली असती तर डोळा गेला असता. मी घरून धावत गेलो, तेव्हा धाकटा त्यांच्या कपाळावर आपला रुमाल दाबून बसला होता. हात मनगटापर्यंत निळे. माझ्याकडे बघून म्हणाला, "भावजी, या यंत्राला मंगळवार बाधतो वाटतं." अशा वेळी विनोद! ज्याच्या मनात काही नाही, त्याला अशा वेळी विनोद सुचेल का?

यंत्राला वार कळत नाही. वार माणसाला कळतो.

बुधवार, २० मार्च

साहेबांकडे जाऊन धाकट्याचं नाव घेतलं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मेहुणा ना तुमचा? मग तुम्ही म्हणताय त्यात काहीतरी असणार. पण मला पुरावा पाहिजे. पुढच्या मंगळवारी पाळत ठेवा. पुरावा मिळाला तर त्याला काढतो. नाही मिळाला तर मुकादम बदलतो. बाटल्या फुटता कामा नयेत."

घरी हिला सांगितलं नाही, पण हिला कळलं. मी ताटावर गप्प बसलो की हिला सगळं कळतं.

"माझ्या भावावर संशय घेताय?"

"मी फक्त बघतोय."

"मुकादम झालात की फौजदार?"

त्यानंतर भाजी हवी का, एवढंच बोलली.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी आल्या आल्या वीज गेली ती दोन वाजेपर्यंत. माझी अख्खी पाळी बुडाली, एक बाटली निघाली नाही. दुपारी धाकटा आला आणि त्याने कळ दाबल्याबरोबर वीज आली. माझ्याकडे बघून हसला. विजेचा आणि त्याचा संबंध नाही, एवढं मला कळतं. तरी ते हसणं आवडलं नाही.

मंगळवार, २६ मार्च

दोनला घरी जातो म्हणून निघालो आणि मागच्या दाराने परत आलो. रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागे उभा राहिलो. या वयात हे करावं लागलं. फटीतून यंत्र पूर्ण दिसत होतं.

साडेतीनला धाकट्याने खिशातून पाना काढला, साखळीखाली वाकला, पिळलं, उठला. पावणेचार झाले, चार झाले, सव्वाचार. बाटल्या एकामागून एक निघत होत्या. काही फुटलं नाही.

मग तो यंत्राकडे तोंड ठेवूनच मोठ्याने म्हणाला, "भावजी, खोक्यांमागे उकडत असेल. बाहेर येऊन चहा घ्या."

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. कपाळावर पट्टी असताना हसल्या. मी बाहेर आलो. चहा घेतला नाही.

आता स्वच्छ झालं. मी आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच आज फुटली नाही. तीन मंगळवार फुटली आणि मी उभा राहिलो त्या मंगळवारी नाही. अजून काय पुरावा पाहिजे? साहेबांनाही तसंच वाटलं. त्यांनी धाकट्याला तिथल्या तिथे सांगितलं, उद्यापासून घरी राहा, महिनाअखेर हिशेब करू. त्याने पाना पुसून माझ्या पेटीत ठेवला आणि गेला.

बुधवार, २७ मार्च

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या पाळीत, माझ्या समोर बाटली फुटली.

आकडा ४३,६०,३९०. माझा सदरा, चेहरा, भिंत, सगळं निळं. बाईंनी टेबल मागे ओढून घेतलं होतं म्हणून वाचल्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि फडकं दिलं.

धाकटा घरी आहे, दुपारच्या पाळीला बदली माणूस आहे. काल जाण्याआधी काही सैल करून गेला असेल. नक्की तसंच. सगळे नट तपासले. एकही सैल नाही. इतकं बेमालूम काम फक्त तोच करू शकतो.

गुरुवार, २८ मार्च

ही काल अन्न शिजवून ठेवून भावाच्या घरी जाऊन बसली आहे. मी एकटा जेवलो. मग खोळंब्याची वही घरी आणली होती ती उघडली. साहेबांना द्यायला तक्रार लिहायची होती, तीत आकडे हवे होते.

चार आकडे एकाखाली एक लिहिले. सवयीने वजाबाकी केली.

दुसऱ्यातून पहिला वजा: १,११,०२४.
तिसऱ्यातून दुसरा: १,११,०२४.
चौथ्यातून तिसरा: १,११,०२४.

तीनदा करून पाहिलं. पहिल्यांदा वाटलं, माणूस किती पक्का असावा! इतक्या बाटल्या मोजून मग एक फोडायची. नंतर वाटलं, कोणताही माणूस एवढं मोजत नाही. बुधवारी तर तो तिथे नव्हताच. दिवसाला साधारण साडेअठरा हजार बाटल्या निघतात. कामाचे सहा दिवस धरले की लाखावर अकरा हजार होतात. म्हणून मंगळवार. आणि शुक्रवारी माझी एक पाळी बुडाली, म्हणून चौथी मंगळवारऐवजी बुधवारी सकाळी.

म्हणजे मी खोक्यांमागे उभा होतो तेव्हा त्या आकड्याला यायला अजून एक पाळी होती.

पण मग ताणचाक? रोज पाना कशाला? संशय एका दारातून गेला की दुसऱ्या दाराशी उभा राहतो.

शुक्रवार, २९ मार्च

काम करतानाही तो आकडा डोक्यातून जात नाही. एवढ्या मोठ्या संख्येच्या पोटात काय आहे ते बघावं म्हटलं. मास्तरांनी शिकवलं होतं तसं अंकांची बेरीज केली: एक, एक, एक, शून्य, दोन, चार. नऊ. म्हणजे नऊने भाग जातो. उरले १२,३३६. त्यांची बेरीज पंधरा, तीनने भाग जातो. उरले ४,११२. नऊ त्रिक सत्तावीस.

सत्तावीस! झाकणं सोडणाऱ्या तबकडीला सत्तावीस भोकं आहेत.

मग अर्धे करत गेलो. २,०५६. १,०२८. ५१४. २५७. चार वेळा निम्मे, म्हणजे सोळा. झाकण दाबणारी डोकी सोळा आहेत. ही संख्या यंत्राच्या आतून आली होती.

पण २५७ हलेना. तीनने नाही, पाचने नाही, सातने पाच उरतात, अकराने चार, तेराने दहा. सोळा सोळं दोनशे छप्पन, तेव्हा पुढे बघायची गरज नाही. मूळ संख्या. तिला आपल्याशिवाय आणि एकाशिवाय कोणी भागीदार नाही. यंत्रात २५७ असं काही नाही. साखळीच्या कड्या २५६ आहेत, पितळी पट्टीवर तसं कोरलंय. प्रत्येक कडीवर एक वाटी, वाटीत बाटली. २५६ म्हणजे सोळाची सोळा आवर्तनं. ज्याने यंत्र बांधलं त्याने विचार करून बांधलं: प्रत्येक वाटी जन्मभर एकाच डोक्याखाली यावी.

एकाने चुकतंय. कोणीतरी एक कडी जास्त घातली आहे. आता कळलं, तो साखळीखाली काय करत होता.

रविवार, ३१ मार्च

सुटी होती. पहारेकऱ्याकडून दार उघडून घेतलं. एका कडीवर खडूने खूण केली, यंत्र हाताने फिरवत कड्या मोजल्या. दोनशे सत्तावन्न. उलट्या दिशेने मोजल्या. दोनशे सत्तावन्न.

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. सापडला, असं वाटलं.

कडी कधी वाढली ते कळायला हवं होतं. साखळी शेवटची कधी उघडली गेली? घरी येऊन हीच वही चाळली. फार चाळावी लागली नाही. दुसऱ्याच पानावर माझ्या अक्षरात आहे: तीन कड्या काढल्या, मोजून तीन नव्या घातल्या आणि वर जोडकडी लावून साखळी बंद केली.

जोडकडी ही पण कडीच. तिच्यावरही वाटी असते.

काढलेल्या तिनांत जुनी जोडकडी होती. म्हणजे नव्या जोडकडीशिवाय दोनच नव्या घालायच्या होत्या. मी चार घातल्या आणि तीन मोजल्या. ढिली वाटली तर ताणचाक आवळलं. पुढचं सगळं आपोआप समजलं. जोडकडीचा खिळा जाड, म्हणून तिची वाटी कागदभर उंच बसते. पाचवं डोकं जरा खाली दाबतं, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. तबकडीचं नववं भोक झिजून झाकण तिरकं सोडतं. यातली एक गोष्ट असली तर काही होत नाही, दोन जुळल्या तरी बाटली सोसते. तिन्ही एका बाटलीवर आल्या की फुटते. जुनी जोडकडी वर्षानुवर्षं पाचव्या डोक्याखाली आलीच नाही. मी वाढवलेल्या कडीने साखळीचा मेळ मोडला, आणि नवी जोडकडी सगळ्या डोक्यांखालून फिरायला लागली. तिघांची गाठ सोळा गुणिले सत्तावीस गुणिले दोनशे सत्तावन्न बाटल्यांनी एकदा.

पहारेकरी अजून तिथेच आहे. आता जाऊन एक कडी काढली तर दहा मिनिटांचं काम. पुन्हा काही फुटणार नाही. सगळे म्हणतील, धाकटा गेला आणि फुटायचं थांबलं. कोणालाही कळणार नाही.

देवाला सगळं सांगितलं. देवाला सांगणं सोपं असतं. तो कामावरून काढत नाही.

सोमवार, १ एप्रिल

सकाळच्या पाळीनंतर धाकट्याच्या घरी गेलो. हीच दार उघडायला आली. मला बघून आत वळली, पण दार लावलं नाही.

धाकटा म्हणाला, "आज तारीख काय आहे माहीत आहे ना? मला बनवायला आलात?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझ्या हाताने झालं, तुझं नाव मी घेतलं. त्याने कागद मागितला, स्वतः गुणाकार केला, दोनदा.

"बरोबर आहे," म्हणाला. "पुढचा आकडा ४४,७१,४१४. बुधवारी सकाळीच येणार."

"तू रोज पाना कशाला घेत होतास?"

"साखळी ढिली होती तुमची. रोज थोडी थोडी वाढायची. मी आवळत होतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

तो हसला नाही. "पहिल्याच दिवशी मुकादमाला सांगायचं की साखळी ढिली बसवलीत? सगळ्यांसमोर? लोक म्हणाले असते, पद मिळालं नाही म्हणून चुका काढतोय. तुम्हीही म्हणाला असता."

म्हणालो असतो.

आतून ही म्हणाली, "चहा टाकलाय. आज तरी घेणार का?"

मग साहेबांकडे. ते म्हणाले, "मला गणित सांगू नका, माणूस सांगा."

"माणूस मी," म्हटलं. "पण तुमचा विश्वास बसावा म्हणून ती कडी बुधवारपर्यंत तशीच ठेवतो. यंत्राभोवती फळ्या लावतो, कोणाला जवळ उभं करत नाही."

बुधवार, ३ एप्रिल

साहेब, बाई, धाकटा आणि मी फळ्यांच्या अलीकडे. गणक तेवढा दिसत होता. ४४,७१,३९० झाला. माझ्या मनात एकाएकी भलतीच भीती आली: नाहीच फुटली तर? आयुष्यात पहिल्यांदा मी बाटली फुटावी म्हणून देवाचं नाव घेत होतो.

४१२. ४१३. फट्.

यंत्र थांबलं. फळ्यांखालून निळा ओघळ आला. आकडा ४४,७१,४१४.

साहेब गणकाकडे बघत राहिले. मग धाकट्याकडे, मग माझ्याकडे. "तुम्ही दोघांनी मिळून तर केलं नाही ना हे?"

बाई म्हणाल्या, "साहेब, आता पुरे करा."

बुधवार, १० एप्रिल

कडी त्याच दिवशी काढली. मोजायला धाकटा आणि बाई दोघांना बसवलं, तिघांची मोजणी २५६ आली. जोडकडी अकराव्या डोक्याखाली येईल अशी बसवली. धाकटा कामावर परत आहे. माझी चूक मी लिहून दिली, मुकादमकी गेली. ती धाकट्यालाही मिळाली नाही. आम्हा दोघांवर डोळा ठेवायला साहेब तिसरा माणूस शोधताहेत. बाईंची भुवई भरली, पण तिथे केस येत नाहीत. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "खोक्यांमागे लपण्यापेक्षा साखळी मोजली असती तर."

आज जुन्या चालीने ४५,८२,४३८ येणार होता. गरज नव्हती, तरी मी गणकापाशी जाऊन उभा राहिलो. आकडा आला आणि गेला. बाटली शहाण्यासारखी पुढे निघाली. मी ती उचलली आणि कचेरीत पैसे भरून घरी नेण्याची चिठ्ठी घेतली.

दोनला धाकटा पाळीवर आला. माझ्या हातात बाटली बघून म्हणाला, "उघडून बघा भावजी. मी पाणी तर नाही ना भरलं?"

मी खरंच उघडून पाहिली. तो इतका हसला की बाईंनी मान वर केली.

हे त्याच शाईने लिहितो आहे. बोटं निळी झाली आहेत.